नांगराखालची कोरी जागा

लालबाग,
१८ नोव्हेंबर २०२४

नूपुर वझे यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव शामराव रेवाळे, वय ऐंशी. एकोणीस वर्षं गिरणीत माग चालवले, संपानंतर शिवडीच्या गोदामांवर पहारेकरी होतो. आता चाळीच्या जागी टॉवर झालाय आणि त्याच्या सतराव्या मजल्यावर बसून मी खालच्या माणसांची डोकी बघतो. मागांच्या खडखडाटाने कान गेले ते गेलेच. फोन कानाला लावला की नुसती खरखर. नात दर्शना म्हणते व्हॉट्सअॅप करा, पण मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. म्हणून कागद.

रविवारच्या पुरवणीत तुमचा लेख वाचला. दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं काय खात होती, काय पिकवत होती, मुंबईला का पळत होती, ते तुम्ही शोधताय. त्यात आमच्या कातळोंड गावाचं नाव होतं. आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते फक्त बिबट्या शिरला की. म्हणून चष्मा पुसून परत वाचलं. मग खाली तुमचं आडनाव वाचलं आणि पेन घेतलं.

कातळोंडचे जुने कागद तुम्हाला सापडतात का? मला एकच हवाय. हो म्हणालात तर बाकीचं लिहीन. नाही म्हणालात तरी राग नाही, तिकीट फुकट गेलं एवढंच.

आपला,
शामराव रेवाळे

*

गिरगाव,
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय शामराव काका,
सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्याकडे अजून पोस्टमन येतो?" मी दोनदा वाचलं, मग कॉलेजात नेऊन मैत्रिणींना दाखवलं. मी माटुंग्याला इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात फोर्टातल्या सरकारी दफ्तरखान्यात धूळ खाते. चार वर्षं झाली, प्रबंध काही हलत नाही. पिकाची आणेवारी आहे, बंदरावरून गेलेल्या माणसांचे आकडे आहेत, दुष्काळात विकलेल्या बैलांचेही आहेत. पण माणूस बोलत नाही. त्यामुळे तुमच्या पत्राने मी किती हुरळले ते विचारू नका.

कातळोंडशी माझं नातं आहे. माझे खापरपणजोबा हेरंबपंत वझे तिथल्या खोताकडे कारकून होते. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा आणि जवळजवळ गावाचा मालक, हे तुम्हाला मी काय सांगायचं! गावात लिहिता-वाचता येणारे हेरंबपंत एकटेच. कुणाचं पत्र आलं, सरकारी नोटीस आली, तर ते देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना फुकट वाचून दाखवायचे. वाणी इतकी शुद्ध की लोक वाकडी वाट करून ऐकायला यायचे, असं घरात सांगतात. पुढे ते मुंबईला आले, गिरगावातल्या ह्याच दोन खोल्या घेतल्या, आणि आम्ही अजून इथेच आहोत. बाहेरच्या खोलीत त्यांची तसबीर आहे. माझे बाबा, उन्मेष वझे, बँकेतून निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास लिहितायत. पाडव्याला छापून येणार आहे. पहिलंच प्रकरण 'अक्षरशत्रूंचा मित्र'.

म्हणजे आपण एका गावचेच की! कुठला कागद हवाय ते सांगा. मिळेल तिथून काढते. आणि मला अहो-जाहो करू नका.

तुमची,
नूपुर

*

लालबाग,
९ डिसेंबर २०२४

चि. नूपुर,
आशीर्वाद.

तुझ्या हेरंबपंतांची गोष्ट वाचली. बरं.

आता आमची ऐक. शिमग्याला आमच्या गावदेवीची पालखी निघते. होळी लागली की देवी घरोघर जाते. ढोल वाजतो, अंगणात पालखी नाचवतात, घरची बाई ओटी भरते, गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवीपुढे गाऱ्हाणं घालतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मुंबईचा माणूस गणपतीला एक वेळ जाणार नाही, पण पालखी दारात येणार म्हटलं की नोकरी सोडून पळतो. कातळोंडात एकशे बारा घरं. पालखी एकशे अकरा घरी जाते. आमच्या पाणंदीशी आली की ढोल थांबतो, पालखी तोंड फिरवते आणि पुढच्या घरी जाते.

आम्ही वाळीत आहोत असं म्हणशील, तर तसंही नाही. लग्नाला येतात, आमच्याकडे जेवतात, आमच्या विहिरीचं पाणी पितात. फक्त देवी येत नाही. माझ्या आईने त्रेसष्ट शिमगे दारात रांगोळी काढली आणि पुसली. ती गेली त्या वर्षीही काढली होती. मी लहानपणी म्हणायचो, आये, कशाला काढतंस? ती म्हणायची, "देवीचा रस्ता चुकला तर? चुकून आली तर अंगण उघडं दिसल."

कारण एकच. माझा पणजा रघु. त्या काळी कुळांना खोताकडे वेठ करावी लागे. पाऊस लागला की आधी खोताची नांगरट, खोताची लावणी, मग आपली. फुकट. गावाने देवीला हात लावून शपथ घेतली की आता गोऱ्या साहेबाला सांगायचं. साहेब आला, आंब्याखाली तंबू ठोकला, रघुला पहिला पुढे केला. त्याने जे सांगितलं ते कागदावर उतरलं आणि संध्याकाळी देवळात सगळ्यांपुढे वाचलं गेलं. त्यात होतं: "वेठ आमी खुशीनं करताव. खोत आमचा मायबाप. तक्रार करनारे ऐदी हायत." रघु ओरडत राहिला की मी असं बोललो नाही. पण कागदापुढे माणसाचं कोण ऐकतो? शपथ मोडली म्हणून देवी त्याच्या दारात येणार नाही असं ठरलं. दोन वर्षांत तो बायकापोरांना घेऊन परळला गिरणीत आला, पण गावचं घर सुटलं नाही.

मला तो कागद हवाय. खोटं बोलला असेल तर तसं कळू दे. ऐंशी वर्षं मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. गावात म्हणतो पणजा खोटा नव्हता, आणि रात्री अंथरुणावर म्हणतो, असेलही. आता धीर निघत नाही. १६ फेब्रुवारीला गावाच्या मुंबई मंडळाची सभा आहे, परळच्या शाळेत. १३ मार्चला होळी. पुढच्या होळीचा भरवसा मी कुणाला देत नाही.

लोक सांगतात वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झालाय, पोलिसात जा. बाय, पोलीस बंदोबस्तात आलेल्या देवीची ओटी कशी भरायची?

शामरावकाका

*

गिरगाव,
१३ जानेवारी २०२५

ती. शामरावकाका,
सा. न.

सापडला! काका, सापडला. महिनाभर मी कॉलेजात काय शिकवलं ते मुलांनाही सांगता येणार नाही. रोज दुपारी दफ्तरखाना. परवा, बंद व्हायला वीस मिनिटं असताना, एका भलत्याच रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, तुमचा रघु निघाला. हातांना घाम आला म्हणून कागद टेबलावर ठेवून मी आधी पदराला... म्हणजे ओढणीला हात पुसले.

मोडीत लिहिलेली जबानी आहे. १८९४ सालची, मार्गशीर्षातली. जसं आहे तसं उतरवते:

"मी रघु वलद सोना रेवाळे, कुणबी, राहणार कातळोंड. खोत वेठीस नेतात. औंदा लावणीचे आठ दिवस नेलें. माझा भाताचा तरवा वाफ्यांत वाळून गेला. बायको बाळंत होऊन सहावा दिवस असतां भात कांडण्यास नेली. नाहीं म्हटलें तर गुरें कोंडितात. हें सर्व गांवास ठाऊक आहे. गांवास विचारावें."

खाली रघुची निशाणी आहे. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा, ठाऊक असेल तुम्हाला. रघुचा नांगर जरा वाकडा आहे. आणि खाली साहेबाचा हुकूम: जबानी गावाला वाचून दाखवावी, ज्यांना मान्य असेल त्यांनी ह्याच्याखाली निशाण्या कराव्यात.

काका, त्या नांगराखाली अर्धं पान कोरं आहे. एकही निशाणी नाही. शेवटी साहेबाचा इंग्रजीत शेरा की एकही कूळ दुजोऱ्याला आलं नाही, सबब तक्रार फेटाळली.

तुमच्या पत्रात गावाने काय ऐकलं ते होतं, ह्या कागदात रघु काय बोलला ते आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दुसरा अर्थच निघत नाही. कागद उलटा वाचला गेला. रघुने शपथ मोडली नव्हती. अख्ख्या गावात ती एकट्यानेच पाळली.

छायाप्रत सोबत आहे. सभेत दाखवा.

तुमची,
नूपुर

*

लालबाग,
१७ जानेवारी २०२५

चि. नूपुर,

प्रत पोचली. मोडी वाचता येत नाही, पण नांगर वाचता आला. दर्शनाने तुझं उतरवलेलं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. सहाव्या दिवशी जिला कांडायला नेलं तिचं ते पोर म्हणजे माझा आजा. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काल दिवसभर मी तो नांगरच बघत बसलो, घरच्यांना वाटलं यंत्र कानात नीट बसलं नाही.

एकच विचारतो. मंडळात पहिला प्रश्न हाच येईल. हुकूम होता म्हणतेस, तर वाचून दाखवणाऱ्याचं नाव कागदावर असेल. कोण होता?

शामरावकाका

*

गिरगाव,
२५ जानेवारी २०२५

ती. शामरावकाका,
सा. न.

नाव होतं, पण तिथे शाई फुटली आहे आणि कागदाला कसर लागली आहे. वाचता येत नाही. प्रतीत ती कड आलेली नाही. खोताचाच कुणी माणूस असेल. मंडळाला एवढं पुरेसं व्हावं. मुख्य मुद्दा रघुचा आहे.

परीक्षा चालू आहेत, म्हणून थोडक्यात.

नूपुर

*

गिरगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

अठरा दिवस तुमचं पत्र नाही. पोस्टमन दिसला की मी गॅलरीतूनच खाली बघते आणि तो लांबूनच हात हलवतो. पहिल्या आठवड्यात वाटलं तुम्ही आजारी आहात. तुमच्या इमारतीखाली येऊनही गेले. लिफ्टमध्ये सतरा नंबरावर बोट ठेवलं, आणि परत आले. मग लक्षात आलं की आजारपणाची मला भीती नव्हतीच, तुम्ही ठणठणीत आहात आणि लिहीत नाही, ह्याची होती.

शाई फुटलेली नाही. कसर लागलेली नाही. जबानीच्या पाठीमागे मोत्यासारखं अक्षर आहे: "गांवकरी मंडळीस देवळांत स्वमुखें वाचून दाखविली. हेरंब बल्लाळ वझे, कारकून." ते अक्षर मी ओळखते. घरातल्या पोथ्यांवर तेच आहे. दफ्तरखान्यात त्या दिवशी मला घाम फुटला तो सापडल्याच्या आनंदाने नव्हे, हेही आता सांगून टाकते. मी पाठीमागची बाजू आधी बघितली होती.

आणखी आहे. त्याच रुमालात पुढच्या वर्षीचं खोताचं एक शिफारसपत्र आहे. मुंबईतल्या एका कचेरीत कारकुनाची जागा द्यावी, इसम विश्वासू आहे. मी ज्या खोलीत हे लिहितेय ती त्या नोकरीवर घेतलेली आहे. तुमचे पणजोबा आणि माझे खापरपणजोबा एका वर्षाच्या अंतराने ह्या शहरात उतरले, एकाच कागदामुळे.

खोटं का बोलले? मला माहीत नाही. खोताने धमकावलं असेल, पोटाचा प्रश्न असेल. मी रोज त्यांच्यासाठी एक नवं कारण शोधते आणि रोज संध्याकाळी ते टाकून देते. त्यांनी चूक वाचलं नाही, काका. त्यांचं वाचन शुद्ध होतं, अख्खं घर ह्याच्याच गोष्टी सांगतं.

मी काल बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. सकाळी म्हणाले, "तुला प्रबंधासाठी खळबळ हवी आहे." त्यांचं पुस्तक छपाईला गेलंय. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आयुष्यभर बँकेत म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून दिले, पणजोबांचा वारसा म्हणून. मी त्यांच्याकडूनच शिकले ना सगळं. म्हणून तर खोटं लिहिलं तुम्हाला.

लाज वाटते. माफी मागायची म्हणजे कशाकशाची, तेही कळत नाही. सध्या माझ्या स्वतःच्या खोट्याची मागते. सभा चार दिवसांवर आली म्हणून हे स्पीडपोस्टने पाठवतेय.

नूपुर

*

लालबाग,
२० फेब्रुवारी २०२५

चि. नूपुरबाय,
आशीर्वाद.

ठणठणीत आहे. नुसता रुसलो होतो.

आता माझी चोरी ऐक. तुझं आडनाव बघूनच मी पहिलं पत्र टाकलं होतं. वझ्यांनी पोथीसारखा कागद वाचला, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मला वाटायचं वझ्यांनी बरोबर वाचलं आणि रघु चुकीचं बोलला. वझ्यांवर कुणाचा संशयच नव्हता, कारण ते शिकलेले. तुझी जबानीची प्रत आली तेव्हाच मला कळलं कुणी काय केलं ते. पण म्हटलं, बघू या वझ्यांची पोर काय वाचून दाखवते. तू लिहिलंस शाई फुटली. तेव्हा मी खूप चिडलो. दर्शनाला म्हटलं, एकशे तीस वर्षं झाली तरी ह्या घरचं वाचन सुधारलं नाही. तुझी परीक्षा घ्यायला नको होती हे खरं, पण घेतली. त्याची माफी मी मागत नाही.

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी आलं. सभेत मी ते दर्शनाला वाचायला लावलं. मी समोर बसून नुसता ओठांकडे बघत होतो. तुझं खोटं आणि तुझी कबुली, दोन्ही वाचायला सांगितली. आवडेल न आवडेल, मी विचारलं नाही.

गोंधळ झाला. चिटणीस वैभव, तो कॉम्प्युटरवाला पोरगा, म्हणाला आजच ठराव करू, पालखी जाईल. म्हातारे अडले. खरं सांगायचं तर त्यांचं मला पटलं. त्यांचं म्हणणं, जे देवळात वाचलं गेलं ते परळच्या शाळेत कसं पुसलं जाईल? देवीपुढे वाचलेलं देवीपुढेच फिरवायला हवं, आणि ज्या घराने वाचलं त्याच घराने. जुनी रीत आहे ती. गावात कुणी कुणावर आळ घेतला तर जिथे घेतला तिथे उभं राहून तोंडाने परत घ्यावा लागतो.

म्हणजे तुला कातळोंडला यावं लागेल. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळा गाव देवळात असतो तेव्हा. जबानी मोठ्याने वाचायची आणि मागच्या बाजूचं नावही वाचायचं. त्यावर काही बोलायचं नाही, कारणं द्यायची नाहीत.

तुझ्या बाबांना ओढून आणू नकोस. टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या माणसाला काय होतं ते मला ठाऊक आहे. पणजा खोटा असेल असं वाटायचं तेव्हा मी कानातलं यंत्र काढून ठेवायचो.

शामरावकाका

*

गिरगाव,
४ मार्च २०२५

ती. काका,
सा. न.

येते.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते, पण राहवत नाही. तीन दिवस मी तो कागद घरात मोठ्याने वाचून बघतेय. वर्गात शंभर मुलांपुढे बोलणारी मी, "बायको बाळंत होऊन सहावा दिवस असतां" इथे दर वेळी अडखळते. काल बाबा आतून म्हणाले, "तिथे 'असतां'वर अनुस्वार आहे, नीट उच्चार." तीन आठवड्यांनी ते माझ्याशी बोललेले हे पहिलं वाक्य. रागाने बोलले की कशाने, कळलं नाही. पुस्तकाबद्दल विचारायची हिंमत झाली नाही.

प्रबंधात ह्या तालुक्याबद्दल मी लिहिलं होतं, 'कुळांमध्ये वेठीविरुद्ध असंतोषाचा पुरावा आढळत नाही.' चार वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य आहे. साहेबाचे शेरे वाचून लिहिलं होतं. आता ते खोडलंय. पण कोऱ्या जागा बघून अशी आणखी किती वाक्यं मी लिहिली असतील, ह्या विचाराने झोप लागत नाही.

तुमच्या घरी उतरले तर चालेल ना? की देवी यायच्या आधी वझ्यांनी यायचं नसतं?

नूपुर

*

लालबाग,
२४ मार्च २०२५

चि. नूपुरबाय,
आशीर्वाद.

तू दुसऱ्या दिवशी लगेच निघालीस, बोलणं झालं नाही. आणि मी घरच्यांपुढे बोललो असतो असंही नाही. म्हणून लिहितो.

देवळात तू वाचत होतीस तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. ढोलवाल्यांच्या शेजारी बसवलेलं, यंत्रात सगळं एकच झालं. मी माणसांची तोंडं बघत बसलो. पहिल्यांदा सगळे कंटाळलेले होते, मुंबईची बाई काहीतरी वाचतेय म्हणून. मग बायकांचे चेहरे बदलले, तेव्हा मला कळलं तू सहाव्या दिवसापाशी आलीस. पुरुषांचे जरा उशिराने बदलले. शेवटी तू कागद उलटा केलास आणि मान वर करून तुमच्या घरचं नाव घेतलंस. तेवढं मी ओठांवरून वाचलं. गावकराने गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. "व्हय म्हाराजा." ते ऐकू येत नसलं तरी अंगात शिरतं.

पालखी निघाली ती आमच्या पाणंदीशी येऊन अडली, तू पाहिलंसच. आता वाळीत म्हणून नाही, वाटच नव्हती म्हणून. कधी आलीच नाही तर वाट कोण ठेवणार? करवंदीचं कुंपण तोडावं लागलं. वैभवचे हात रक्ताळले. अंगणात देवी नाचली, दर्शनाने ओटी भरली, आईच्या जागी रांगोळी तिनेच काढली होती, ती पोरांच्या पायांनी पुसली गेली.

लोकांना वाटलं म्हातारा रडेल. फोटो काढायला चारजण मोबाईल धरून उभे होते. मला रडू आलं नाही गं. राग आला. इतका की हात जोडताना बोटं सरळ होईनात. एवढंसं होतं तर! अर्ध्या तासाचं काम! माझ्या आईने त्रेसष्ट रांगोळ्या पुसल्या. देवीला मी तेच बोललो, मनात.

राग गेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तू निघाल्यावर. गंगुबाई आली. वरच्या वाडीची, नव्वदीची, काठी टेकत. म्हणाली, तो कागद काढ. मी प्रत पुढे केली. म्हणाली, ह्याच्या खाली निशानी करायची व्हती ना आमच्यानी? मग ऱ्हायली ती. तिला सही येत नाही. पेन मुठीत धरून तिने रघुच्या नांगराखाली एक नांगर काढला. त्याच्याहून वाकडा. मग रांग लागली. रात्री साडेदहापर्यंत लोक येत होते. अर्धं पान कोरं होतं ते भरलं. दाटीवाटीने, आडवंतिडवं, त्र्याण्णव सह्या, चार अंगठे आणि एक नांगर.

प्रत सोबत पाठवत नाही. ती इथे आहे. तुझ्या प्रबंधासाठी दर्शना फोटो काढून देईल.

तळाला एक ओळ मोकळी सोडायला लावली मी. वैभव तिथे सही करत होता, त्याला कडेला ढकललं. ती तुझ्या बाबांसाठी आहे. तू आपलं काम तोंडाने केलंस. त्यांना सांग किंवा सांगू नकोस. मला घाई नाही, असं म्हणणार होतो, पण आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला असते.

आणि पुढच्या शिमग्याला घरच्यासारखी ये. वझ्यांच्या पोरीने कुंपण तोडलेली वाट बघायला यायचं असतं.

शामरावकाका

*

गिरगाव,
२ एप्रिल २०२५

श्री. शामराव रेवाळे यांस,
सा. न. वि. वि.

मी उन्मेष वझे, नूपुरचा वडील. आपले पत्र तिने मला दाखवले नाही. टेबलावर उघडे ठेवून ती कॉलेजला गेली. असे ती कधी करत नाही, म्हणून मी वाचले.

पुस्तक पाडव्याला आले नाही. पहिले प्रकरण मी छापखान्यातून परत मागवले. नवे कसे लिहायचे ते मला अजून सुचत नाही. तसबीर भिंतीवरच आहे. उतरवायला हात गेला होता, पण मग वाटले, उतरवून कुठे ठेवणार? हार मात्र काढला.

मला मोडी वाचता येते. वडिलांनी शिकवली, त्यांना त्यांच्या वडिलांनी, आणि त्यांना हेरंबपंतांनी. नूपुरच्या कागदाची प्रत मी गेले आठ दिवस वाचतो आहे. ती देवळात अडखळली नसेल अशी आशा आहे.

शनिवारी दुपारी चार वाजता आपल्याकडे येतो. सही करण्यापूर्वी तो कागद आपल्यासमोर बसून एकदा मोठ्याने वाचावा असे मनात आहे. पुढची बाजूही आणि मागचीही. आपल्याला ऐकू येत नाही, हे तिने मला सांगितले आहे. तरी वाचीन. आपण माझ्या ओठांकडे बघा, आणि कुठे काही गाळले असे वाटले तर थांबवा.

आपला,
उन्मेष वझे